कांदा नेमका कोणत्या सूचीत येतो? केंद्राचे अधिकार, राज्याचे अधिकार आणि मधला शेतकरी

उन्हाळकांदा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्याचे सरळ उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. कांद्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाचा, राज्याचा की केंद्राचा?

निफाड तालुक्यात आमची चार एकर शेती आहे. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रांगडा कांदा मातीमोल भावाने गेला, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. मर्यादा शेतकऱ्यामागे २०० क्विंटल. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. आमच्या शिवारात मोबाइलला रेंज नसल्यामुळे ई-पीक पाहणी अर्धवट राहिली होती आणि पिकाचा रकाना कोरा होता. बाजार समितीची हिशोबपट्टी हातात असूनही आमचा अर्ज बाद झाला.

त्याच वर्षीचा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर मांडवात, भरला. ऑगस्टमध्ये तो बाहेर काढायच्या बेतात असताना केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि मी भरलेली ट्रॉली समितीच्या फाटकावरून माघारी आणली. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. शुल्क पूर्णपणे हटले ते १ एप्रिल २०२५ला.

या काळात आमदारांकडे गेलो, तर निर्यात दिल्लीच्या हातात आहे असे उत्तर मिळाले. खासदारांच्या कार्यालयात गेलो, तर शेती हा राज्याचा विषय आहे असे सांगण्यात आले. दोघेही खरेच बोलत असावेत असे मला आता वाटू लागले आहे, आणि माझी अडचण तीच आहे. जाणकारांनी समजावून सांगावे.

मधला_बाक

कांदा रडवतो हे ठाऊक होते. रडवण्याचा अधिकार दोन सरकारांत वाटून दिलेला आहे हे आज कळले.

वकीलकाका

उन्हाळकांदा, आपल्याला दोन्हीकडून मिळालेली उत्तरे कायद्याने बरोबर आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची. आपला कांदा वावरातून निघून परदेशात पोहोचेपर्यंत या तिन्ही याद्यांमधून फिरून येतो.

तो जमिनीत असतो तेव्हा राज्य सूचीत असतो, कारण शेती ही राज्य सूचीतील नोंद १४ आहे. बाजार समितीच्या आवारात लिलाव होतो तेव्हाही तो राज्याचाच, कारण 'बाजार व जत्रा' ही नोंद २८ आहे. ट्रकमध्ये बसून राज्याची हद्द ओलांडली की आंतरराज्य व्यापार, म्हणजे संघ सूचीतील नोंद ४२. जहाजाकडे निघाला की परराष्ट्र व्यापार, म्हणजे नोंद ४१. आणि निर्यात शुल्क ही नोंद ८३. व्यापाऱ्याच्या गोदामात किती साठा ठेवायचा हे ठरवणारा १९५५चा जीवनावश्यक वस्तू कायदा येतो तो समवर्ती सूचीतील नोंद ३३मधून.

ही नोंद ३३ आज दिसते तशी मूळ घटनेत नव्हती. घटना लागू झाली तेव्हा अन्नधान्य, कापूस वगैरे वस्तूंवर कायदे करण्याचा अधिकार अनुच्छेद ३६९ने संसदेला फक्त पाच वर्षांपुरता दिला होता, कारण फाळणी आणि टंचाई यांचे दिवस होते. ती मुदत संपत आली तेव्हा १९५४मध्ये तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि खाद्यपदार्थ, पशुखाद्य, कच्चा कापूस, कच्चा ताग हे सारे समवर्ती सूचीत कायमचे बसले. पाहुणा म्हणून आलेला अधिकार घरचा झाला, तो असा.

आणखी एक बारकावा आहे. राज्य सूचीतील २६ आणि २७ या व्यापाराच्या नोंदींना 'तिसऱ्या सूचीतील नोंद ३३ला अधीन राहून' अशी शेपटी जोडलेली आहे. बाजारांच्या नोंद २८ला ती नाही. २०२०च्या कृषी कायद्यांचा घटनात्मक वाद बव्हंशी या शेपटीभोवती फिरत होता: केंद्र म्हणत होते की हा खाद्यपदार्थांचा व्यापार आहे, विरोधक म्हणत होते की हा बाजार आहे. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये कायदेच मागे घेतले गेले, त्यामुळे न्यायालयाने त्या प्रश्नाचा निकाल कधी दिला नाही.

उन्हाळकांदा

काका, आभारी आहे. म्हणजे माझ्या वावरापासून न्हावा-शेवा बंदरापर्यंतच्या प्रवासात तोच कांदा तीनदा मालक बदलतो, आणि मी त्यातल्या एकाही यादीत नाही.

ओहायोकर

मी गेली १९ वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. धाग्याचा प्रश्न वाचून इथलाच एक जुना खटला आठवला, जो कांद्याऐवजी गव्हाचा आहे.

डेटन शहराजवळ रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. भाव टिकावेत म्हणून केंद्रीय कायद्याने प्रत्येकाला गव्हाचे क्षेत्र ठरवून दिले होते. १९४१च्या पिकासाठी त्याच्या वाट्याला ११.१ एकर आले. त्याने पेरले २३ एकर. जादा गव्हावर त्याला ११७ डॉलरच्या आसपास दंड झाला. हा गहू घरच्या जनावरांना आणि घरात खायला आहे, तो राज्याबाहेर काय, शेताबाहेरही जाणार नाही, मग आंतरराज्य व्यापाराचा अधिकार वापरून केंद्र मला कसे अडवते, असा त्याचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने १९४२मध्ये एकमताने निकाल दिला की घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातून तेवढा घेतला नाही, आणि सगळेच शेतकरी असे वागले तर देशाच्या गव्हाच्या भावावर परिणाम होईल, म्हणून केंद्राला अधिकार आहे.

सांगायचा मुद्दा असा की आपल्याकडे ज्या देशाला 'खरे संघराज्य' म्हणून मान दिला जातो, जिथे दहाव्या दुरुस्तीने उरलेले सारे अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे ठेवले आहेत, तिथेही केंद्राचा हात कणगीपर्यंत पोहोचला. भारतात उलट, कोणत्याच यादीत नसलेला विषय अनुच्छेद २४८ने संसदेकडे जातो. कागदावर हा फरक मोठा दिसतो, पण प्रत्यक्षात दोन्हीकडे वाट पैशाच्या दारातून जाते. मद्यपानाचे किमान वय ठरवणे हा इथे राज्यांचा विषय समजला जातो. तरी १९८४मध्ये केंद्राने कायदा केला की जे राज्य २१ वर्षांची अट घालणार नाही, त्याच्या महामार्ग निधीतून काही टक्के कापले जातील. साउथ डकोटा न्यायालयात गेले आणि १९८७मध्ये हरले. आज पन्नासही राज्यांत वय २१ आहे. अधिकार राज्यांचाच राहिला; तो कसा वापरायचा हे रस्त्याच्या डांबराने ठरवले.

सविता_कोथरूड

मी विरुद्ध बाजू मांडते, कारण ती कोणीतरी मांडायला हवी. २०१९च्या डिसेंबरमध्ये पुण्यात कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. आमच्याकडे पोळीभाजीचे डबे करणाऱ्या ताई कोशिंबिरीत कोबी घालू लागल्या होत्या. देशात सर्वांत जास्त कांदा महाराष्ट्रात पिकतो. निर्यातीचा निर्णय राज्यांवर सोपवला, तर आपले राज्य चांगला भाव देणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला माल देईल आणि बिहारमधल्या मजुराच्या ताटात कांदा उरणार नाही. देश ही एक बाजारपेठ असेल, तर तिची बाहेरची दारे कोणी तरी एकानेच सांभाळायला हवीत. मला केंद्राच्या अधिकाराविषयी तक्रार वाटत नाही.

उन्हाळकांदा

सविताताई, दारे एकानेच सांभाळावीत हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार दार कधी लावले जाते याविषयी आहे. शंभर क्विंटल कांदा चाळीत भरला, तर दिवाळीपर्यंत सत्तर-पंचाहत्तर बाहेर निघतो. बाकीचा सडतो, कोंब फुटतात, वजनात घट येते. हा धोका आम्ही पत्करतो तो पुढे भाव मिळेल या आशेवर. लागवडीच्या आधी शुल्क जाहीर झाले असते, तर मी दोन एकरांत दुसरे काही लावले असते. माल चाळीत अडकल्यावर दार लावले, की शहराला मिळणाऱ्या स्वस्त कांद्याचे पैसे माझ्या खिशातून जातात, आणि त्या वेळी मला भरपाई द्यायला राज्याने यावे अशी अपेक्षा असते. निर्णय एकाचा आणि त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर, ही वाटणी कोणत्या सूचीत लिहिली आहे?

सविता_कोथरूड

हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. चाळीतल्या घटीचे तर मला ठाऊकच नव्हते.

नाकेदार

मी मुंबई महापालिकेच्या जकात नाक्यावर २२ वर्षे नोकरी केली. ३० जून २०१७च्या रात्री मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती आणि बारा वाजल्यानंतर ती रांग अचानक नाहीशी झाली, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. रात्रपाळीच्या एका सहकाऱ्याने शेवटची पावती फाडली आणि स्थळप्रत आठवण म्हणून जपायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

त्या रात्री वस्तू व सेवा कर आला. वर्षाला सात हजार कोटींच्या घरातले उत्पन्न, जे पालिका स्वतःच्या नाक्यावर स्वतः गोळा करत होती, ते संपले आणि त्याऐवजी राज्याकडून दरमहा भरपाई येऊ लागली. राज्याने आपला मूल्यवर्धित कर बहुतांशी सोडला आणि त्याला पाच वर्षे केंद्राकडून भरपाईची हमी मिळाली: २०१५-१६चे उत्पन्न पाया धरून दरसाल १४ टक्के वाढ. ती हमी जून २०२२मध्ये संपली. आमच्या नाक्यावर भ्रष्टाचार नव्हता असे मी म्हणणार नाही, आणि ट्रकवाल्यांचे तास वाचले हेही खरे आहे. पण आधी आपल्या गल्ल्यात पडणारा पैसा आता वरून खाली येतो, हा बदल लहान नाही.

आता वाईटपणा घेऊन एक गोष्ट सांगतो. राज्ये दिल्लीच्या नावाने जी तक्रार करतात, अगदी तेच ती आपल्या शहरांशी आणि गावांशी करतात. ७४व्या घटनादुरुस्तीनुसार महापालिकेची मुदत पाच वर्षे आणि त्याआधी निवडणूक व्हायला हवी. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, त्यानंतर कित्येक वर्षे सरकारने नेमलेल्या प्रशासकाने कारभार पाहिला. पुणे, नागपूर, नाशिक सगळीकडे तेच. विकेंद्रीकरणाची आठवण राज्यांना फक्त वर पाहताना होते. खाली पाहताना होत नाही.

मधला_बाक

नाकेदार, स्थळप्रतीसाठी माहिती अधिकारात अर्ज करावा. तो कायदा मात्र केंद्राचा आहे.

म्हादयेकाठ

गोव्याहून लिहीत आहे. जीएसटी परिषदेविषयी एक भर घालतो. तिथे केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश. निर्णयाला तीनचतुर्थांश वजन लागते. म्हणजे सगळी राज्ये एकत्र आली, तरी केंद्र नाही म्हणाले तर ठराव पडतो. मात्र राज्याराज्यांत फरक नाही, गोव्याचे मत महाराष्ट्राएवढेच वजनदार. पंधरा-सोळा लाख लोकांच्या राज्याला एवढा मान दुसऱ्या कुठल्या सभागृहात नाही, हे मी कबूल करतो. प्रत्यक्षात मतदानाची वेळ क्वचितच येते. पहिल्यांदा मतदान झाले ते डिसेंबर २०१९मध्ये, लॉटरीवरील करासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असे सांगितले, पण त्यानंतर एखादे राज्य वेगळ्या वाटेने गेल्याचे दिसले नाही.

पाण्याची गोष्ट याहून बिकट आहे. पाणी राज्य सूचीत नोंद १७, आंतरराज्य नद्या संघ सूचीत नोंद ५६. आमची म्हादय कर्नाटकात उगम पावते आणि पणजीजवळ मांडवी म्हणून समुद्राला मिळते. लवादाने ऑगस्ट २०१८मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) असे वाटप दिले. तिन्ही राज्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. मी केंद्राच्या विरोधात असतो, पण इथे मात्र केंद्राने अधिक लवकर आणि अधिक ठामपणे मध्ये पडायला हवे होते असे मला वाटते. वरचे राज्य आणि खालचे राज्य यांना पाण्याचे भांडण आपसांत मिटवता येत नाही, कारण वरच्याला ते मिटवण्याची गरजच नसते.

घाटाचा_राजा

गंभीर चर्चेत बैल आणतो, क्षमस्व. पण समवर्ती सूची म्हणजे काय हे आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यातल्या पोरांना जेवढे कळते, तेवढे विधी महाविद्यालयातही कळत नसेल.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हा समवर्ती विषय, नोंद १७. त्यावर १९६०चा केंद्रीय कायदा. त्याच्या आधारे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७मध्ये त्याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याच्या आड येत असेल, तर अनुच्छेद २५४नुसार राष्ट्रपतींची संमती लागते, ती घेतली. तरी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

मधल्या सात वर्षांत आमच्या दावणीला एक खोंड मोठा झाला, धावण्याच्या वयात आला आणि उतरणीला लागला. तो घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकदाही पळला नाही. पहिल्या परवानगीच्या शर्यतीला वडिलांनी त्याला गुलाल लावून नुसता कडेला उभा केला होता. बैलाला नाक होते, वेसण होती, पण वेसणीची दोरी मुंबईत आणि दिल्लीत एकाच वेळी धरलेली होती.

सविता_कोथरूड

बैलांविषयी माझे मत आपल्याहून वेगळे आहे, पण त्यासाठी वेगळा धागा हवा. कार्यपद्धतीचे वर्णन मात्र स्वच्छ आहे.

संपादन_मंडळ

दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. राज्यपालांविषयी लिहायला हरकत नाही, व्यक्तींविषयी शेरे नकोत. राष्ट्रपती राजवटीचे अनुच्छेद ३५६ सर्वच पक्षांनी वापरले आहे: १९७७ आणि १९८० या दोन्ही वर्षी केंद्रात सत्ता बदलताच नऊ-नऊ राज्य सरकारे बरखास्त झाली, आणि १९८०च्या यादीत महाराष्ट्रही होते. १९९४च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला मर्यादा घातल्या, त्यानंतर हे प्रमाण पुष्कळ घटले. एवढ्यावर हा मुद्दा थांबवून मूळ विषयाकडे यावे.

ऊसपट्टा

आमच्याकडे कांद्याऐवजी ऊस, बाकी कहाणी तीच. उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र ठरवते, साखरेची किमान विक्री किंमत केंद्र ठरवते, निर्यातीचा कोटा केंद्र देते. कारखान्याचा गाळप परवाना मात्र साखर आयुक्तांकडून, म्हणजे राज्याकडून. ७ डिसेंबर २०२३ रोजी, उन्हाळकांदा यांच्या निर्यातबंदीच्या आदल्याच दिवशी, उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी आणली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवनी उभ्या केल्या होत्या, त्यांचे संचालक त्या रात्री झोपले नसतील.

दरवेळी राज्येच हरतात असेही नाही. औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण कोणाचे, या प्रश्नावर २०२४च्या ऑक्टोबरमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी राज्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये खनिजांवरील कराबाबतही तेवढ्याच मतांनी राज्यांचीच बाजू घेतली. सहकाराचेही तसेच. सहकारी संस्था हा राज्य सूचीतील विषय असताना ९७व्या घटनादुरुस्तीने त्यांचे नियम घटनेत घातले, पण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेतली नाही, म्हणून राज्यांतर्गत संस्थांपुरता तो भाग जुलै २०२१मध्ये रद्द झाला. विशेष म्हणजे केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले तेही त्याच महिन्यात.

राज्यसेवा_पाचवा_प्रयत्न

हा धागा वाचून माझा एक पेपर तयार झाला. वित्त आयोगावर कोणी लिहाल का? महाराष्ट्र एवढा कर देतो आणि परत इतके कमी का मिळते, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो.

वकीलकाका

थोडक्यात लिहितो. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य कर निधीतील, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांत वाटायच्या करांतील, ४१ टक्के २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांना दिले. त्यातला महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता, उत्तर प्रदेशचा १७.९३९ टक्के. लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि दरडोई उत्पन्नातील अंतर यांचे वजन सूत्रात मोठे असल्यामुळे असे होते, आणि गरीब राज्याला अधिक मिळणे हे संघराज्याच्या तत्त्वाला धरूनच आहे. शिवाय मुंबईत भरला जाणारा सगळा आयकर महाराष्ट्रात कमावलेला नसतो. कंपनीचे मुख्य कार्यालय नरिमन पॉइंटला असले, की आसामातल्या विक्रीवरचा नफाही मुंबईच्या खात्यात दिसतो. 'आम्ही एवढे देतो' हा आकडा म्हणून जपून वापरावा.

राज्यांची खरी तक्रार उपकर आणि अधिभार यांविषयी असायला हवी. हे दोन्ही अनुच्छेद २७०नुसार विभाज्य निधीत येत नाहीत; ते पूर्णपणे केंद्राकडे राहतात. पेट्रोल-डिझेलवर मूळ उत्पादन शुल्क वाढवले तर राज्यांना वाटा द्यावा लागतो, उपकर वाढवला तर द्यावा लागत नाही. कोणते बटण दाबले जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

वऱ्हाडी_संत्रे

महाराष्ट्रावर अन्याय होतो हे वाचून गंमत वाटली. मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवले, की अमरावतीत आम्ही मुंबईकडे दाखवतो. अनुच्छेद ३७१(२)नुसार नेमलेल्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. निधीचे न्याय्य वाटप पाहण्याची ती एक जागा होती. नाकेदारांनी जे शहरांविषयी लिहिले, ते प्रदेशांनाही लागू आहे.

नाकेदार

सहमत. मुंबईकर असूनही सहमत.

ओहायोकर

एक शंका. इथे राज्याची सीमा बदलायची तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. भारतात अनुच्छेद ३नुसार राज्याचे फक्त मत विचारले जाते, हे बरोबर ना?

वकीलकाका

बरोबर. मत विचारायचे, मानलेच पाहिजे असे नाही. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले होते, तरी २०१४मध्ये तेलंगणा झाला. उलट बाजूने पाहिले, तर १९६०चा आपला महाराष्ट्रही संसदेच्या याच अधिकारातून जन्माला आला. अधिकार आपल्या बाजूने वापरला गेला की तो खटकत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना स्पष्ट केले होते की ही घटना काळ आणि परिस्थितीनुसार संघात्मकही राहू शकते आणि एकात्मही होऊ शकते. अमेरिकेच्या घटनेची त्यांनी घट्ट साच्याशी तुलना केली होती. लवचिक घटनेत दोरी कोण किती ताणतो, हे पुष्कळसे त्या त्या वेळच्या राजकीय बळावर ठरते.

सविता_कोथरूड

चर्चा उत्तम झाली, पण उन्हाळकांदा यांचा प्रश्न बाजूला राहिला. त्यांनी कोणाचे दार ठोठवायचे?

वकीलकाका

सविताताई, योग्य ठिकाणी आणलेत. अशा प्रश्नांसाठी घटनेत एक जागा आहे: अनुच्छेद २६३नुसार आंतरराज्य परिषद, १९९०मध्ये स्थापन झालेली. निर्यातीचे निर्णय हंगामाआधी जाहीर करावेत आणि त्यांचा भार कोणी उचलायचा हे ठरवावे, हा विषय तिथे मांडता आला असता. परंतु तिची अकरावी बैठक २०१६च्या जुलैमध्ये झाली आणि पुढे वर्षानुवर्षे बैठकच झाली नाही.

व्यवहारात काम वाटून करावे. निर्यात आणि शुल्क यांसाठी खासदारांना लेखी निवेदन द्यावे आणि लोकसभेत प्रश्न विचारण्याची विनंती करावी. तारखा आणि आपल्या हिशोबपट्ट्या जोडाव्यात. अनुदान आणि पीक नोंद यांसाठी आमदार, कारण भूमी अभिलेख हा राज्य सूचीतील विषय आहे, नोंद ४५. लिलाव, तोलाई, हमाली यांसाठी बाजार समितीचे संचालक. एकाच अर्जात तिन्ही गोष्टी लिहिल्या, तर तिघेही तो दुसऱ्याकडे पाठवतील.

उन्हाळकांदा

काका, तसेच केले. तीन वेगळे अर्ज, तीन वेगळ्या पोचपावत्या. खासदारांच्या कार्यालयात या वेळी शेती राज्याचा विषय असल्याचे सांगायला सुरुवात झाली, तेव्हा मी नोंद ४१ आणि ८३ लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चहा मागवला. पुढे काय होते ते कळवीन.

पीक पाहणीचे मात्र यंदा घरीच मिटले. धाकट्या मुलीने बांधावर उभे राहून कांद्याचे फोटो काढले आणि रेंज यावी म्हणून विहिरीच्या कठड्यावर चढून ते पाठवले. सातबाऱ्यावर नोंद आली आहे. चाळीतला माल परवा काढणार आहे.

राज्यसेवा_पाचवा_प्रयत्न

काका, चूक असेल तर दुरुस्त करावे, पण अनुदान राज्याचे असले आणि सातबारा राज्याचा असला, तरी दूरध्वनी आणि बिनतारी संदेशवहन संघ सूचीत येतात. नोंद ३१. रेंजसाठी चौथा अर्ज खासदारांकडेच करावा लागेल.

उन्हाळकांदा

लिहायला घेतो.